संगत आणि अभ्यास : वाचकांच्या पत्रांना उत्तरे

प्रथम सत्राचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये मुलांच्या संगतीचा विषय हमखास असतो. या वेळी रावेरपासून धडगावपर्यंतच्या पालकांनी, शिक्षकांनी आणि एका विद्यार्थिनीने तो वेगवेगळ्या बाजूंनी मांडला आहे. माध्यमिक वर्गांत वर्गमित्रांचा अभ्यासावर परिणाम होतो यात शंका नाही. तो नेमका कोणत्या वाटेने होतो, हे मात्र प्रत्येक पत्रात वेगळे दिसते. म्हणून पत्रे वेगवेगळी घेतली आहेत.

प्रश्न : आमचा मुलगा नववीत आहे. सातवीपर्यंत तो गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला आणि तेथे नेहमी पहिल्या दोघा-तिघांत असायचा. आठवीला त्याला तालुक्याच्या गावी मोठ्या विद्यालयात, सेमी इंग्रजीच्या तुकडीत घातले. या सत्रात गणित आणि विज्ञानाचे गुण फार उतरले. ज्या चार मुलांबरोबर तो दिवसभर असतो ती सगळी अभ्यासात कच्ची आहेत. वर्गशिक्षक म्हणतात, 'त्याची संगत बदला.' तुकडी बदलून घ्यावी की शाळाच बदलावी?
— केळी उत्पादक शेतकरी पालक, रावेर तालुका

उत्तर : मुलाचे गुण उतरले आणि त्याचे मित्र कच्चे आहेत, या दोन्ही गोष्टी आपण पाहिल्या आहेत आणि दुसरीला पहिलीचे कारण मानले आहे. तसे असू शकेल. मात्र याच्या उलटही पुष्कळदा घडते : ज्याचे गुण उतरू लागले तो मुलगा, जेथे कमीपणा वाटत नाही अशा मुलांमध्ये जाऊन बसतो, आणि मग आपल्याला मैत्री आधी दिसते व गुण नंतर दिसतात. तिसरी शक्यता अशी की पाचही मुले एकाच कारणाने मागे पडत असतील. सर्वांची एसटी एकच असेल आणि त्यामुळे पहिला तास बुडत असेल, किंवा शेतीची वीज रात्रीची असलेल्या आठवड्यात सर्वांनाच बागेत पाणी धरायला जावे लागत असेल. चार्ल्स मान्स्की या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये हीच अडचण मांडली होती. गटातील सर्वजण सारखे वागत असतील, तर गटाने एकाला घडवले की सारखी असलेली माणसे एकत्र आली, हे नुसते बाहेरून पाहून सांगता येत नाही.

ही अडचण टाळायची तर सोबती निवडण्याचे काम मुलांकडून काढून घ्यावे लागते. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहातील खोल्या चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, आवडनिवड न पाहता दिल्या जात. ब्रूस सॅसरडोट यांनी त्यांचा अभ्यास करून २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोलीतल्या सोबत्याचा परिणाम गुणांवर आणि विद्यार्थी कोणत्या मंडळात सामील होतो यावर दिसला, पण कोणता विषय मुख्य म्हणून घ्यायचा या निर्णयावर तो दिसला नाही. ही महाविद्यालयातील गोष्ट आहे आणि ती नववीच्या वर्गाला जशीच्या तशी लागू होणार नाही. तरी तिच्यातून एवढे घेता येते की सोबतीचा परिणाम खरा असतो, पण तो सगळ्याच गोष्टींवर सारखा होत नाही. त्याआधी १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांनी अमेरिकेतील सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी करून सरकारला अहवाल दिला होता. शाळेची इमारत आणि साधने यांपेक्षा मुलाचे घर आणि त्याच्यासोबत शिकणारी मुले यांचा त्याच्या गुणांशी अधिक निकटचा संबंध आहे, असे त्यात म्हटले होते. शाळेची निवड करताना प्रयोगशाळा आणि संगणक कक्ष पाहून परतणाऱ्या पालकांनी ही बाब लक्षात घ्यावी.

आता तुमच्या मुलाविषयी. गावच्या शाळेत तो पहिल्या दोघा-तिघांत होता; तालुक्याच्या विद्यालयात अनेक गावांचे पहिले दोघे-तिघे एकत्र आले आहेत. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकापासून दाखवून दिले आहे की सारख्याच क्षमतेची दोन मुले असतील, तर अधिक हुशार मुलांच्या शाळेत गेलेल्या मुलाचे स्वतःविषयीचे मत खाली येते. त्याचे ज्ञान कमी झालेले नसते, पण तुलनेची पट्टी बदललेली असते. 'आपल्याला गणित येते' असे मानणारा मुलगा 'आपल्याला गणित येत नाही' असे मानू लागला की तो प्रश्न विचारणे थांबवतो आणि मग खरोखरच मागे पडतो. त्यात सेमी इंग्रजीची भर आहे. सातवीपर्यंत ज्याने 'लसावि', 'मसावि' हे शब्द मराठीत ऐकले, त्याला तेच गणित इंग्रजी शब्दांत वाचावे लागते. गुण फक्त गणित आणि विज्ञान या दोन विषयांत उतरले असतील आणि मराठी, इतिहास, भूगोल यांत टिकले असतील, तर दोष मित्रांचा कमी आणि भाषाबदलाचा अधिक आहे, असे मी धरीन. संगतीमुळे अभ्यास सुटतो तेव्हा तो सहसा एक-दोन विषयांपुरता सुटत नाही. गुणपत्रक पुन्हा एकदा या नजरेने पाहावे, ही माझी पहिली विनंती.

आता मित्रांकडे वळू. त्यांच्या गुणांवरून त्यांना पारखू नका. ते एकत्र असताना काय करतात ते पाहा. शाळा सुटल्यापासून घरी येईपर्यंतचा वेळ, शिकवणीला जाता-येतानाचा वेळ आणि रात्री जेवणानंतर मोबाईलवर जाणारा वेळ, या तीन जागी मैत्रीचा परिणाम ठरतो. चार कच्ची मुले रोज संध्याकाळी तासभर एकत्र बसून स्वाध्याय सोडवत असतील, तर ती संगत चांगली आहे. पंच्याण्णव टक्केवाल्या मित्राबरोबर तोच तास स्टँडवर उभे राहण्यात जात असेल, तर ती संगत अभ्यासाच्या कामाची नाही. या वयात सोबत्यांच्या देखत वागणे बदलते, हेही ध्यानात ठेवावे. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळातून दाखवले की किशोरवयीन मुले एकटी असताना जेवढा धोका पत्करतात, त्याहून कितीतरी अधिक धोका मित्र पाहत असताना पत्करतात. प्रौढांमध्ये असा फरक जवळजवळ दिसला नाही. म्हणून एकटा असताना समजूतदार असलेला मुलगा गटात तसाच वागेल अशी अपेक्षा धरू नये, आणि तो तसा वागला नाही म्हणजे बिघडला असेही समजू नये.

'त्यांच्याशी बोलू नकोस' अशी बंदी घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बंदीने मैत्री तुटत नाही, ती फक्त तुमच्या नजरेआड जाते. त्याऐवजी त्या चारही मुलांना घरी बोलवा, त्यांच्या घरची माणसे कोण आहेत ते जाणून घ्या आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तुमच्या ओट्यावर पाचही जणांनी गणित सोडवायला बसावे अशी व्यवस्था करा. शिकवायला कोणी नसले तरी चालेल; पुस्तकातील सोडवलेली उदाहरणे झाकून पुन्हा सोडवणे एवढे काम पुरे आहे. गणिताच्या दोन्ही भागांतील इंग्रजी संज्ञांची मराठी अर्थासह वही मुलांनी मिळून तयार केली तर फार उत्तम. शाळा बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. नववीच्या मधे शाळा बदलली तर मित्र सुटतील, शिक्षक सुटतील आणि भाषेची अडचण मात्र त्याच्याबरोबर नव्या शाळेत जाईल. सेमी इंग्रजी झेपतच नाही असे वर्षअखेरीस दिसले, तर त्याच शाळेतील मराठी माध्यमाच्या तुकडीचा विचार वर्गशिक्षकांशी बोलून करावा. त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : मी दहावीत शिकते. सर किंवा बाई प्रश्न विचारतात तेव्हा मला उत्तर येत असते, पण हात वर केला की मागच्या बाकांवरून 'आली मोठी हुशार' असे ऐकू येते. माझ्या मैत्रिणीही हसतात. आम्ही खेड्यावरून येतो, घरी अहिराणी बोलतो, त्यामुळे बोलताना एखादा शब्द तसा आला तर जास्तच हसतात. आता मी हात वर करत नाही आणि शंकाही विचारत नाही. घरी सांगितले तर म्हणतात, लक्ष देऊ नकोस. पण लक्ष जातेच. मी काय करू?
— एक विद्यार्थिनी, शिंदखेडा तालुका

उत्तर : लक्ष जाते यात तुझा काहीही दोष नाही. वर्गात दिवसाचे सहा-सात तास ज्यांच्यासोबत काढायचे त्यांचे हसणे मनावर घेऊ नकोस असे सांगणे सोपे आहे, पण पंधराव्या वर्षी ते कोणालाही जमत नाही.

तुझ्यासारखी मुले जगभर आहेत, आणि त्यांच्याविषयी झालेला एक प्रयोग तुला सांगतो. लॉस एंजेलिसमधील काही शाळांत अकरावीच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेच्या तयारीचा वर्ग फुकट देऊ केला होता. नाव नोंदवण्याचे कागद दोन प्रकारचे होते. एकावर लिहिले होते की तुमचा निर्णय वर्गमित्रांनाही कळणार नाही. दुसऱ्यावरच्या मजकुरावरून तो वर्गमित्रांना कळू शकेल असे दिसत होते. बर्स्टिन आणि जेन्सन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात आढळले की साधारण तुकड्यांमध्ये, वर्गमित्रांना कळणार असे वाटताच नाव नोंदवणाऱ्या मुलांचे प्रमाण ठळकपणे घटले. आणखी महत्त्वाची गोष्ट अशी : काही मुले एका विषयाला हुशार मुलांच्या वर्गात आणि दुसऱ्या विषयाला साधारण वर्गात बसत होती. त्यांचाही निर्णय, कागद हातात आला तेव्हा ती कोणत्या वर्गात बसली होती, यावर बदलला. म्हणजे अभ्यासाची इच्छा त्यांना होती, पण ती कोणासमोर दाखवायची हा प्रश्न होता. तुझेही तसेच आहे. तुझी बुद्धी आणि तुझी इच्छा जागेवर आहे. वर्गाने ती दाखवण्याची जागा तुझ्याकडून काढून घेतली आहे.

आणि मी तुला खात्रीने सांगतो, हसणाऱ्यांपैकी काहींना उत्तर येत असते आणि तेही याच भीतीने गप्प असतात. म्हणून आधी एक मैत्रीण शोध, जी एकटी असताना हसत नाही. तिच्याजवळ बस. मधल्या सुट्टीत किंवा एसटीची वाट पाहताना रोज दोन शंका एकमेकींना विचारा. ज्या सुटणार नाहीत त्या एका चिठ्ठीवर लिहून तास संपल्यावर बाईंना द्या आणि उत्तर सर्व वर्गाला सांगावे, नाव घेऊ नये, अशी विनंती करा. बहुतेक शिक्षक हे आनंदाने करतात. वर्गशिक्षकांना हसण्याविषयीही सांग. ती चुगली होत नाही, कारण यात नुकसान केवळ तुझे नाही, सगळ्या वर्गाचे आहे. अहिराणीविषयी एवढेच सांगतो की बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी लिहायची आणि घरी-दारी आपली बोली बोलायची, या दोन्ही गोष्टी खान्देशातील असंख्य डॉक्टर, प्राध्यापक आणि अधिकारी आजही करतात. तुला दोन भाषा येतात. हसणाऱ्यांपैकी सर्वांना त्या येतात का ते पाहा.

वर्षअखेरीस बोर्डाची लेखी परीक्षा आहे. तिचे पेपर तुला एकटीला लिहायचे आहेत, पण त्यांची तयारी एकटीने करण्याची गरज नाही.

प्रश्न : आमच्या विद्यालयात नववीच्या तीन तुकड्या आहेत. पुढील वर्षी आठवीच्या गुणांनुसार 'अ', 'ब', 'क' अशा तुकड्या पाडाव्यात असे काही सहकारी सुचवतात. इतरांचे म्हणणे आहे की हुशार आणि कच्ची मुले मिसळून बसवली की कच्च्यांना आधार मिळतो. आपले मत काय?
— माध्यमिक शिक्षक, शहादा तालुका

उत्तर : दोन्ही बाजूंना आधार आहे आणि दोन्ही बाजू काहीतरी विसरत आहेत.

केनियात २००५ पासून १२१ प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग झाला. पहिलीचे वर्ग मोठे होते, म्हणून प्रत्येक शाळेत एक जादा शिक्षक देऊन वर्गाचे दोन भाग केले गेले; काही शाळांत गुणांनुसार, काहींत नशिबावर सोडून. एस्थर डुफ्लो, पास्कलिन ड्युपा आणि मायकेल क्रेमर यांना आढळले की गुणांनुसार विभागणी केलेल्या शाळांत दोन्ही भागांतील मुलांचा फायदा झाला, कच्च्या भागातील मुलांचाही, कारण शिक्षकाला मुलांच्या पातळीवर उतरून शिकवता आले. पण हा निष्कर्ष आपल्याकडे आणताना एक प्रश्न विचारावा लागतो : 'क' तुकडीला शिकवायला कोण जाणार आहे? सर्वांत अनुभवी शिक्षक 'अ' तुकडीला आणि तासिका तत्त्वावरचे नवे शिक्षक 'क' तुकडीला, अशी वाटणी अनेक शाळांत होते, आणि मग केनियातील फायद्याचे कारणच उरत नाही. शिवाय ती मुले पहिलीतील होती. नववीतील मुलाला 'क' या अक्षराचा अर्थ पहिल्याच दिवशी कळतो, आणि पूर्ण तुकडीने तो मान्य केला की वर्गात अभ्यास करणे हीच लाजेची गोष्ट होऊन बसते. शिंदखेड्याच्या विद्यार्थिनीचे पत्र वर आहे, ते याच संदर्भात पुन्हा वाचावे.

मिसळून बसवले की काम झाले, हेही खरे नाही. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत कॅरेल, सॅसरडोट आणि वेस्ट या संशोधकांनी आधीच्या आकडेवारीच्या आधारे सर्वांत कमी गुणांचे विद्यार्थी हेतुपुरस्सर हुशार विद्यार्थ्यांच्या तुकड्यांत घातले. कच्च्यांचे गुण वाढतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात ते घटले. तुकडी एक असली तरी आत दोन वेगळे कंपू पडले, आणि ज्यांच्यासाठी हुशार सोबती आणून बसवले ते त्यांच्याकडे गेलेच नाहीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मला आपल्या वर्गांसाठी सर्वांत मोलाचा वाटतो. जवळ बसवण्याने मुले एकमेकांकडून शिकत नाहीत. त्यांना मिळून करण्याचे काम द्यावे लागते.

माझी सूचना अशी. तुकड्या मिश्र ठेवा. गणित आणि इंग्रजीसाठी आठवड्यातील काही तास तिन्ही तुकड्यांना एकाच वेळी ठेवा आणि तेवढ्या तासांपुरती मुले पातळीप्रमाणे बसवा. पातळी दर दीड-दोन महिन्यांनी तपासा आणि मुलांना वर-खाली जाऊ द्या. प्राथमिक वर्गांत 'प्रथम' संस्थेने पातळीनुसार गट करून शिकवण्याची जी पद्धत रुळवली, तिचे मर्म हेच आहे. सर्वांत कच्च्या गटाला शाळेतील सर्वांत चांगला शिक्षक द्या, आणि याबाबत मुख्याध्यापकांनी तडजोड करू नये. उरलेल्या तासांना चार-चार जणांचे गट करा, पण त्यांत एक अतिहुशार आणि तीन कच्चे असे मिश्रण टाळून मधली मुले भरपूर घ्या, कारण कच्च्या मुलाला मधल्या मुलाला विचारताना संकोच कमी वाटतो, आणि मधल्या मुलाला समजावून सांगताना स्वतःचा पाठ पक्का करावा लागतो. एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे वापरलेली युक्ती येथे चांगली चालते : एका पाठाचे चार भाग करायचे, प्रत्येकाला एकच भाग द्यायचा आणि इतर तिघांना तो शिकवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकायची. इतिहास, भूगोल आणि विज्ञान यांतील पाठ यासाठी सोयीचे आहेत. गटातील कच्च्या मुलाचा भाग दुसरे कोणी वाचलेलाच नसतो, त्यामुळे त्याचे ऐकावेच लागते.

प्रश्न : आमच्या मुलीच्या शाळेत पंचवीस टक्के कोट्यातून गरीब घरांतील मुले आली आहेत. त्यांच्यामुळे आमच्या मुलीचा अभ्यास मागे पडेल का?
— एक पालक, भुसावळ

उत्तर : शिक्षण हक्क कायदा २००९ च्या या तरतुदीपूर्वीच दिल्लीतील नामांकित खासगी शाळांना गरीब मुले घेणे बंधनकारक झाले होते. तेथे गौतम राव यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र लाभलेली सधन घरांतील मुले अधिक उदार आणि गरिबांशी कमी भेदभाव करणारी आढळली, आणि गुणांवरचा परिणाम एकूण किरकोळ होता. तेव्हा आपण निश्चिंत असावे. मुलीसमोर त्या मुलांच्या डब्याविषयी किंवा कपड्यांविषयी घरात काही बोलले जाऊ नये, याची काळजी मात्र आपण घ्यावी, कारण ते बोलणे ती वर्गात घेऊन जाते.

प्रश्न : मी आश्रमशाळेत अधीक्षिका आहे. आमची मुले दिवसरात्र एकत्र असतात. घरी पावरी किंवा भिली बोलतात, वर्गात मराठी. दिवाळीनंतर काही मुले आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि परतल्यावर मागे पडलेली असतात. वर्गमित्रांचा यात उपयोग कसा करून घ्यावा?
— अधीक्षिका, धडगाव तालुका

उत्तर : आपल्या हाती जी गोष्ट आहे ती रावेरच्या पालकाकडे किंवा शहाद्याच्या शिक्षकाकडे नाही : संध्याकाळ. अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात शिकवताना साने गुरुजींनी तेथील छात्रालयही सांभाळले आणि मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढले. वर्गाबाहेरच्या वेळेत मुले एकमेकांत काय बोलतात, याकडे त्यांचे लक्ष होते.

संध्याकाळच्या अभ्यासिकेत इयत्तेप्रमाणे रांगा न लावता, एकच बोली बोलणारी नववी-दहावीची दोन आणि सहावी-सातवीची तीन मुले असे गट करून पाहा. विज्ञानातील संकल्पना मोठ्या मुलीने लहानीला पावरीत सांगावी आणि लिहिताना दोघींनी मराठीत लिहावी. मुलाला एकट्याला जे जमत नाही ते थोडे पुढे असलेल्या सोबत्याच्या मदतीने जमते, असे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांचे प्रतिपादन होते. थोडे पुढे असणे महत्त्वाचे, फार पुढे असलेला सोबती उपयोगी पडत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक मुलासाठी, तो जाण्यापूर्वीच, वर्गातील एक जोडीदार ठरवा. जोडीदाराने त्याच्यासाठी रोजच्या पाठाचे शीर्षक, दोन मुद्दे आणि गृहपाठ एका वेगळ्या वहीत लिहून ठेवावा. मूल परतले की पहिले दोन आठवडे ही जोडी एकाच बाकावर बसावी आणि रोज संध्याकाळी वहीची दोन पाने पुढे न्यावीत. वर्गशिक्षकांनी त्या काळात परतलेल्या मुलाला फळ्यावर बोलावू नये. दोन आठवड्यांनी, जोडीदाराबरोबर आधी सोडवून घेतलेल्या उदाहरणासाठीच प्रथम बोलवावे. वहीचा खर्च किरकोळ आहे आणि परवानगी मुख्याध्यापकांच्या पातळीवर मिळू शकते, तेव्हा ही मुले या हंगामात निघण्यापूर्वी जोड्या ठरवून टाकाव्यात.